युद्धाची भीती आणि निवाऱ्याचे दार

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषयाची मोकळीक दिली, तेव्हा सचिवांची अपेक्षा होती की मी शिक्षणावर किंवा स्पर्धा परीक्षांवर बोलेन. माझी सारी नोकरी फळ्यासमोर गेली, त्यामुळे त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर त्या वेळी मी टाळले. ते उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

२०२५ च्या मे महिन्यातील दिवस आपणा सर्वांना आठवत असतील. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचे मॉक ड्रिल झाले आणि त्याच पहाटे सीमेपलीकडे हल्ल्यांना सुरुवात झाली होती. १० मे रोजी गोळीबार थांबला. मधल्या चार दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होते ते मी सांगायला नको. कोणी सांगे पेट्रोल भरून ठेवा, कोणी सांगे रोख रक्कम काढून ठेवा. त्या गडबडीत या मुलाने मला विचारले, "सर, घरात किती महिन्यांचे धान्य भरून ठेवावे?" मी हसून म्हणालो, "अरे, परीक्षेचा अभ्यास भरून ठेव."

वस्तुस्थिती अशी होती की आदल्याच संध्याकाळी मी स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून पंधरा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ, तेलाचे डबे आणि मेणबत्त्यांची पाकिटे घरी आणली होती. माझ्यामागे रांगेत आमच्या इमारतीचे जिने झाडणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्या रोजच्या मजुरीवर रोजचे सामान घेतात. पाव किलो डाळ, तेलाची एक लहान पिशवी. दुकानदार त्यांना म्हणाला, "मावशी, आज तेल संपलं." ते तेल माझ्या पिशवीत होते. मला ते ऐकू आले होते आणि मी मागे वळून पाहिले नाही. ही गोष्ट मी आजवर घरीही सांगितलेली नाही.

भीती ही आपल्याला नवी नाही. १९७१ च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो. मुंबईत ब्लॅकआउट असे. आमच्या चाळीतील खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले होते, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे. भोंगा झाला की सगळी बिऱ्हाडे दिवे मालवून गॅलरीत येऊन बसत. आम्हा मुलांना त्याची मौज वाटे. त्यातच एका रात्री गच्चीवर कोणीतरी काडी ओढली. खालून ओरड झाली की हेर विमानांना खूण करतो आहे. चारपाच जण वर धावले आणि त्या माणसाला मारत खाली आणले. तो तिसऱ्या पाळीचा गिरणी कामगार होता, दुसऱ्या चाळीतून नातेवाइकाकडे आलेला, बिडी पेटवत होता. त्याच्या कपाळावरचे रक्त मला अजून दिसते. सांगायचे असे की, बॉम्ब एकही पडला नाही आणि तरीही एक माणूस जखमी झाला.

विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न साठ वर्षांपूर्वी एका अत्यंत श्रीमंत देशाने स्वतःला विचारला होता. त्याची उत्तरे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. म्हणून आता आपण १९६१ सालच्या अमेरिकेत जाऊ.

त्या उन्हाळ्यात बर्लिन शहरावरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया समोरासमोर आले होते. २५ जुलै १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण केले. लष्करी खर्च वाढवण्याबरोबरच त्यांनी नागरी संरक्षणासाठी जादा वीस कोटींहून अधिक डॉलर मागितले आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या बचावाची तयारी करावी असे सुचवले. झाले! सगळा देश अंगण खणायला लागला. 'लाइफ' या साप्ताहिकाने १५ सप्टेंबरच्या अंकात निवाऱ्यांचे नकाशे छापले, सोबत राष्ट्राध्यक्षांचे पत्र छापले, आणि शंभरातील सत्त्याण्णव माणसे वाचू शकतील असे वाचकांना सांगितले.

यामागचे विज्ञान अगदीच खोटे होते असे समजू नका. अणुस्फोटानंतर जी किरणोत्सारी धूळ खाली बसते तिची तीव्रता सुरुवातीला झपाट्याने उतरते. ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाली की मारा एक दशांश होतो. पहिल्या तासानंतर जेवढा मारा होता त्याचा सात तासांनी दहावा भाग उरतो, सुमारे दोन दिवसांनी शंभरावा आणि दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून दोन आठवडे जमिनीखाली, मातीच्या जाड थराखाली काढले तर स्फोटापासून दूर असलेला माणूस वाचण्याची शक्यता बरीच वाढते. हिरोशिमात तर स्फोटबिंदूपासून अवघ्या १७० मीटरवरील इमारतीच्या तळघरात कागद आणण्यासाठी उतरलेले एइझो नोमुरा नावाचे गृहस्थ वाचले आणि पुढे १९८२ पर्यंत जगले. तेव्हा तळघर हे निरुपयोगी असते असे म्हणणे बरोबर होणार नाही.

पण दोन आठवड्यांचे पाणी, हवा आणि अन्न हे मोजून घ्यावे लागते. पाच माणसांचा निवारा म्हणजे पाचच माणसांचा. आणि शेजाऱ्याने दार वाजवले तर?

हा प्रश्न त्या वर्षी अमेरिकेत उघडपणे चर्चिला गेला. शिकागोपासून टेक्सासपर्यंत लोक वार्ताहरांना सांगू लागले की आम्ही निवाऱ्यात बंदूकही ठेवली आहे, ती रशियनांसाठी नाही, शेजाऱ्यांसाठी आहे. ३० सप्टेंबर १९६१ च्या 'अमेरिका' या कॅथलिक साप्ताहिकात एल. सी. मॅकह्यू या जेझुइट धर्मगुरूंचा लेख आला. आपल्या कुटुंबाच्या निवाऱ्यात जबरदस्तीने घुसू पाहणाऱ्या शेजाऱ्याला बळाने हाकलणे नीतीला धरून आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते नीतिशास्त्राचे माजी अध्यापक! वॉशिंग्टनचे बिशप अँगस डन यांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्याच्या बिळात शेजाऱ्याला जागा नाही असा माणूस युद्धानंतरच्या जगाच्या काय उपयोगाचा, असा त्यांचा आशय होता. लास व्हेगसच्या नागरी संरक्षण अधिकाऱ्याने तर कॅलिफोर्नियातून पळून येणाऱ्या निर्वासितांना अडवण्यासाठी सशस्त्र दल उभारावे असे सुचवले. म्हणजे एकाच देशातील, एकाच झेंड्याखालची माणसे ही! शत्रू हजारो मैल दूर राहिला आणि बंदुकीचे तोंड शेजारच्या गल्लीकडे वळले.

आणखी एक प्रश्न होता, त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. निवारा खणण्यासाठी अंगण लागते. अंगणासाठी स्वतःचे घर लागते. शहरातील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनी कोठे खणावे? दक्षिणेकडील राज्यांत शाळा, बस आणि नळही वेगळे होते. उत्तरेकडे न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनसारख्या नव्या, बागबगिच्यांच्या वसाहतीत विल्यम लेव्हिट यांनी काळ्या कुटुंबांना घरेच विकली नाहीत. निवाऱ्याच्या जाहिरातीतील हसरे कुटुंब नेहमी गोरे असे, हे वेगळे सांगायला हवे का? गावकुसाचे दार कोणासाठी उघडते आणि कोणासाठी नाही, हे कळण्यासाठी या सभागृहातील कोणालाही अमेरिकेची पुस्तके वाचावी लागणार नाहीत.

तेथेही हे एका माणसाच्या नजरेतून सुटले नाही, आणि तो माणूस त्या वेळी भारतात अमेरिकेचा राजदूत होता. जॉन केनेथ गालब्रेथ, मोठे अर्थशास्त्रज्ञ. सरकारने घरोघरी वाटण्यासाठी निवाऱ्यांबद्दलची एक पुस्तिका तयार केली होती. तिचा मसुदा गालब्रेथ यांनी वाचला आणि १९६१ च्या नोव्हेंबरात केनेडींना पत्र लिहिले. पुस्तिकेत एक कुटुंब आपल्या मोटारबोटीतून समुद्रात जाऊन जीव वाचवताना दाखवले होते. मोटार कारखान्यातील किती कामगारांकडे अशी बोट असते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. या योजनेने विरोधी पक्षाचे सधन मतदार वाचतील आणि ज्यांनी तुम्हाला मते दिली ते मरतील, असे त्यांनी आपल्या राष्ट्राध्यक्षाला स्पष्ट सांगितले. पुस्तिका पुढे बदलली, सौम्य झाली, घरोघरी न पाठवता टपाल कचेऱ्यांतून ठेवण्यात आली. सरकारचा भर खाजगी तळघरांवरून मोठ्या इमारतींतील सार्वजनिक निवाऱ्यांकडे वळला. अधिकाराच्या जागी बसलेला एखादा माणूस वेळेवर बोलला तर काय होते याचे हे एक उदाहरण आहे. विद्यार्थ्यांनी ते टिपून ठेवावे.

विषय गंभीर आहे, पण एक गमतीचा प्रसंग सांगतो. प्राचीन अवशेषांचे वय ठरवण्याची कार्बन-१४ पद्धत शोधणारे विलर्ड लिबी यांना १९६० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. ते निवाऱ्यांचे कट्टर पुरस्कर्ते. गरिबालाही परवडेल असा तीस डॉलरचा निवारा त्यांनी वाळूच्या पोत्यांचा आणि रेल्वेच्या स्लीपरांचा करून आपल्या आवारात बांधला आणि वर्तमानपत्रांतून त्याविषयी लेखमाला लिहिली. १९६१ च्या नोव्हेंबरात लॉस एंजल्सच्या बेल एअर भागात वणवा लागला आणि तो निवारा जळून गेला. अणुबॉम्बच्या कल्पनेचे एक जनक आणि पुढे त्याचे टीकाकार झालेले लिओ झिलार्ड तेव्हा म्हणाले की, देव आहे आणि त्याला विनोदबुद्धीही आहे हे यावरून सिद्ध होते. आपण देवाचा भाग सोडून देऊ. पण संकट आपल्याला सांगून, आपण ठरवलेल्या वाटेने येत नाही, एवढे त्यातून दिसते.

त्याच नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आणखी एक घटना घडली होती. मुलांच्या पुस्तकांत चित्रे काढणाऱ्या डॅग्मार विल्सन आणि त्यांच्या मैत्रिणींनी हाक दिली, आणि सुमारे साठ शहरांतून हजारो गृहिणी एका दिवसापुरत्या घरकाम टाकून रस्त्यावर आल्या. संयोजकांनी हा आकडा पन्नास हजार सांगितला. मागणी साधी होती. अणुचाचण्या थांबवा. निवारा बांधण्याच्या पुस्तिका ज्या बायकांच्या हाती पडत होत्या त्याच या बायका. दोन आठवड्यांचे दूध कोठे साठवावे असे त्यांना विचारले जात होते, आणि त्या विचारत होत्या की आजच्या दुधात काय आहे?

दुधात स्ट्रॉन्शियम-९० होते. चाचण्यांची धूळ गवतावर पडते, गवत गाय खाते, दूध मूल पिते. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमसारखे वागते, म्हणून ते हाडांत आणि दातांत जाऊन बसते. सेंट लुइस शहरात डॉ. लुईस राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या अखेरीपासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. शाळा, दवाखाने, वाचनालये यांतून पाकिटे येऊ लागली. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. १९७० पर्यंत तीन लाखांवर दात जमले. १९६१ मध्येच पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. चाचण्यांच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे द्रव्य वाढत गेले होते. आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकतात. त्या बाईंनी तो प्रयोगशाळेत नेला!

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. अशा चाचण्या थांबवाव्यात ही मागणी पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजीच आपल्या संसदेत मांडली होती आणि भारत या कराराच्या पहिल्या सही करणाऱ्यांत होता. करार अपुरा होता, जमिनीखालील चाचण्या चालूच राहिल्या, हे खरे आहे. क्यूबावरून अणुयुद्ध अगदी उंबरठ्यावर आले होते, त्याचाही त्यात वाटा होता. पण तळघरे खणणाऱ्यांनी हवेतील विष एका कणानेही कमी केले नाही, ते रस्त्यावर आलेल्यांच्या आणि दात मोजणाऱ्यांच्या रेट्याने कमी झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळघरांतल्या सामानाचे पुढे काय झाले? २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायातील एका विसरलेल्या खोलीत पालिकेच्या कामगारांना पाण्याची पिंपे, औषधे, कागदी ब्लँकेटे आणि अंदाजे साडेतीन लाख बिस्किटे सापडली. खोक्यांवर १९५७ आणि १९६२ ही वर्षे होती.

भीती मात्र डब्यात बंद झाली नाही. १९७० च्या दशकात तिकडे 'सर्व्हायव्हलिझम' हा शब्द रूढ झाला. काहीही कोसळो, सरकार, शहर, समाज, आपण आणि आपले कुटुंब तेवढे जगून राहिले पाहिजे, अशी ही विचारसरणी. मेल टॅपन या लेखकाने १९७६ मध्ये जगून राहण्यासाठी लागणाऱ्या बंदुकांवरच एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्याचा सल्ला असा की शहरांपासून दूर, डोंगराळ भागात जागा घ्यावी, म्हणजे उपाशी शहरवासी तेथवर पोचणार नाहीत. उपाशी शहरवासी म्हणजे कोण, हे आपल्याला कळले असेलच. आता तर याचा धंदा झाला आहे. कॅन्सस राज्यात अण्वस्त्र ठेवण्यासाठी लष्कराने बांधलेली एक जुनी विहीर लॅरी हॉल नावाच्या गृहस्थाने विकत घेतली आणि तिच्यात पंधरा मजले खाली आलिशान सदनिका बांधल्या. पोहण्याचा तलाव, चित्रपटगृह, आणि वर सशस्त्र पहारेकरी. किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे.

पण पैशाने प्रश्न सुटला का? डग्लस रश्कॉफ या अमेरिकन लेखकाने २०१८ मध्ये आपला अनुभव लिहिला आहे. काही अतिश्रीमंत लोकांनी त्यांना भरपूर मानधन देऊन बोलावले. भविष्यातील तंत्रज्ञानावर बोलायचे म्हणून ते गेले, तर त्या मंडळींचा प्रश्न वेगळाच निघाला. सगळे कोसळल्यावर, पैशाला किंमत न उरल्यावर, माझ्या तळघराचे रक्षण करणारे पहारेकरी माझेच ऐकतील याची खात्री कशी करायची? धान्याच्या कोठारांना फक्त मालकालाच ठाऊक असलेले कुलूप लावावे का, येथवर चर्चा गेली. रश्कॉफ यांनी सांगितले, त्यांच्याशी आजच चांगले वागा, घरच्यासारखे वागा. त्या श्रोत्यांना हे उत्तर काही पटले नाही. १९६१ मध्ये दाराबाहेरच्या शेजाऱ्याची भीती होती. आता दाराआतल्या नोकराची भीती आहे.

याच भीतीला दुसऱ्या देशांनी वेगळे उत्तर दिले आहे, तेही सांगितले पाहिजे. स्वित्झर्लंडने १९६३ च्या कायद्याने नव्या घरांखाली निवारे बांधणे बंधनकारक केले. तत्त्व असे की देशातील प्रत्येक रहिवाशाला एक जागा. ज्या घराला निवारा नाही त्याच्या मालकाने पैसे भरायचे आणि त्यातून सार्वजनिक निवारे व्हायचे. आज तेथे सुमारे नव्वद लाख लोकांची सोय आहे आणि लोकसंख्याही साधारण तेवढीच आहे. एरवी तेथे सायकली आणि दारूच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. फिनलंडच्या हेलसिंकीत तर खडकातील निवाऱ्यात पोहण्याचे तलाव आहेत. मात्र सर्वांसाठी केले म्हणजे सगळे जमतेच असेही नाही. लुत्सर्न शहरातील झोननबर्ग बोगद्यात वीस हजार माणसांची सोय केली होती. १९८७ मध्ये तेथे सराव केला तेव्हा तयारीला दिवसच्या दिवस लागले आणि टनावारी वजनाच्या दारांपैकी एक नीट बंदही झाले नाही. पुढे ती क्षमता दोन हजारांवर आणली गेली. त्या दाराबद्दल वाचताना मला, खरे सांगतो, थोडे बरे वाटले.

स्वीडन सरकार प्रत्येक घरी एक पुस्तिका पाठवते, २०१८ मध्ये पाठवली आणि २०२४ मध्ये सुधारून पुन्हा पाठवली. आठवडाभर पुरेल इतके पाणी, अन्न, औषधे, बॅटरीवरचा रेडिओ घरात ठेवा असे ती सांगते. कारणही सांगते. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपली सोय केली तर सार्वजनिक मदत ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याकडे आधी जाईल. साठवण तीच, पण ती दुसऱ्याला जागा करून देण्यासाठी!

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर देतो. तो समोर बसला आहे, म्हणून नाव घेत नाही. बाळ, आठवड्याभराचे ठेवावे. पूर आला तरी ते लागते. आणि ते शांततेच्या दिवसांत, थोडे थोडे घेऊन ठेवावे. भोंगा वाजल्यावर दुकानात धावू नये, कारण तेव्हा आपण जे उचलतो ते मागच्या माणसाच्या पिशवीतून उचलतो.

१० मे नंतरच्या आठवड्यात मी मावशींकडे तेलाचा डबा घेऊन गेलो होतो. त्यांनी घेतला नाही. "सर, आता दुकानात मिळतं," असे म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला ते अधिक लागले. त्यांच्याशी बोलता बोलता कळले की आमच्या तीन इमारतींत कोण एकटे राहते, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाला जिना उतरता येत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. मी अठरा वर्षे तेथे राहतो आणि मला चारपाच नावांपलीकडे माहिती नव्हती. त्यांनी सांगितले आणि मी वहीत लिहून घेतले. सत्तावीस नावे झाली. ती वही संस्थेच्या कार्यालयातील कपाटात ठेवली आहे.

त्यातील दोन व्यक्ती आता हयात नाहीत आणि एक कुटुंब दुसरीकडे राहायला गेले आहे. बाकीच्या गल्ल्यांची यादी तर झालेलीच नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता ती करायला निघायचे आहे. मावशींना मी विनंती केली आहे, त्या येणार आहेत आणि पुढे त्याच चालणार आहेत. अभ्यासिकेतील आठदहा मुलामुलींनी वही-पेन घेऊन यावे. चहाची व्यवस्था संस्थेतर्फे आहे.